पाहुणीचा डबा

सिंधूताई रामटेकेंनी लावलेलं लेबल एकदा बाटलीवर बसलं की बसलं. बाटली फुटेल, पण लेबल सुटायचं नाही. नागपुरातल्या ज्या संशोधन संस्थेत त्या कामाला होत्या, तिथे पाणी, माती, अन्न आणि माणसाच्या अंगातून बाहेर पडणाऱ्या यच्चयावत गोष्टी तपासल्या जात. तिथले मोठमोठे शास्त्रज्ञ स्वतःचा चष्मा कुठे ठेवला हे विसरत. पण सतरा नंबरची बाटली कुठल्या गावातल्या कुठल्या घरची, हे सिंधूताईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. कुणी शहाणपणा करून नंबर पुन्हा ताडून पाहायला लागलंच, तर दुसरा कुणीतरी म्हणायचा, "अरे, सिंधूताईंचं लेबल आहे ते. पुढे चल."

या एका वाक्याच्या जोरावर त्यांनी एकोणतीस वर्षं काढली होती. नोकरी कधी पक्की झाली नाही. दर मार्चला प्रोजेक्ट संपायचा आणि एप्रिलात दुसऱ्या प्रोजेक्टवर नाव चढायचं. साहेब बदलले, मॅडम बदलल्या, इमारतीला दोनदा नवा रंग लागला, पण सिंधूताई आपल्या तात्पुरत्याच राहिल्या. सुरुवातीला त्या भांडी धुवायच्या. मग एका प्रोजेक्टमध्ये गावातल्या बायका लघवीचे नमुने द्यायला काही केल्या तयार होईनात. तरुण संशोधकांनी हात टेकले, तेव्हा कुणाला तरी सुचलं की बेसिनपाशी उभी असते ती बाई सोबत नेऊन पाहू. सिंधूताई गेल्या आणि दुपारपर्यंत बावीस बाटल्या घेऊन परत आल्या. काय जादू केली म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "जादू कायची? पयले माही बाटली भरली अन् त्याइले दाखवली. मंग सगळ्या हसल्या अन् उठल्या."

तेव्हापासून भांडी धुणं सुटलं आणि गावं फिरणं लागलं. सावनेर, काटोल, नरखेड अशी सगळी गावं पायाखालून गेली. पंचावन्नाव्या वर्षीही जीपमधून उतरताना त्या कुणाचा हात धरत नसत, आणि कुणी पुढे केलाच तर त्यात नमुन्यांची पेटी देत.

यंदाचा प्रोजेक्ट गार्गी मॅडमचा होता. मॅडम पुण्याच्या, वय चौतीस, परदेशात शिकून आलेल्या. पण दुपारचा डबा सगळ्यांबरोबर खायच्या आणि दुसऱ्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता उचलायच्या, म्हणून सिंधूताईंना आवडायच्या. खाप्याच्या पुढे, कन्हान ओलांडून आत गेलं की बोरझरी नावाचं एक गाव आहे. तिथल्या जमिनीखालच्या दगडातच फ्लोराइड जास्त. त्यात दोष कुणाचाच नाही, दगडच तसा. पण बोरिंगच्या म्हणजे हातपंपाच्या पाण्यातून ते पोटात जातं, हळूहळू हाडात बसतं, आणि चाळिशी उलटली की बायकांच्या कमरा, गुडघे आखडायला लागतात. पोरांच्या दातांवर पिवळे पट्टे येतात ते वेगळेच. हे सगळं आधीपासून माहीत होतं. मॅडमना शोधायचं होतं ते असं, की बाईच्या पोटात हे नेमकं कशाकशातून आणि किती जातं, आणि एकाच बोरिंगचं पाणी पिऊन पुरुषांपेक्षा बायकाच जास्त का आखडतात.

त्यासाठी बोरझरीच्या चाळीस बायका निवडल्या, आणि तुलनेला नदीकाठच्या एका चांगल्या पाण्याच्या गावातल्या चाळीस. रीत सोपी होती. बाई दिवसभरात जे खाईल, तेवढंच आणखी एकदा प्लॅस्टिकच्या डब्यात काढून ठेवायचं. जेवढं पिईल, तेवढंच बाटलीत. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली लघवी घ्यायची आणि सगळं नागपूरला आणून तपासायचं. या पद्धतीला इंग्रजीत एक भारदस्त नाव आहे. सिंधूताई तिला जुळं ताट म्हणायच्या आणि पुढे पुढे मॅडमही तेच म्हणायला लागल्या.

बोरझरीतलं सतरा नंबरचं घर गोपिकाबाई कोहळेंचं. चांगलं शेतकरी घर होतं, ओसरीवर सिमेंटचा कोबा, अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली. गोपिकाबाई सिंधूताईंच्याच वयाच्या. उठताना एक हात जमिनीवर आणि एक गुडघ्यावर ठेवून, तीन हप्त्यांत उठायच्या. नवरा रुपराव, म्हातारी सासू, आणि मुलगा-सून बुटीबोरीला कंपनीत कामाला म्हणून आजीपाशी ठेवलेली दोन नातवंडं, असं घर.

सिंधूताईंची एक सवय होती. कुठल्याही घरात पाय ठेवला की आधी पूर्ण नाव सांगायचं, आडनावासकट, गावासकट. "सिंधू रामटेके. नागपूरची, इंदोऱ्याची." समोरच्याला काय समजायचं ते आधीच समजू दे, मागाहून समजून त्याचा चेहरा बदललेला पाहायची त्यांची तयारी नव्हती. त्यांच्या आईने छप्पन साली, सहा वर्षांची असताना, बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवरची गर्दी पाहिली होती. पण दीक्षा घेतली म्हणून कापूस वेचणं सुटत नाही. पुढे कित्येक वर्षं आई याच भागात वेचणीला यायची, आणि अशाच ओसऱ्यांच्या खाली उभी राहून ओंजळीने पाणी प्यायची. वरून कुणीतरी धार सोडायचं. लहानपणी सिंधूताई तिच्या लुगड्याला धरून उभ्या असायच्या. धार संपली तरी आई ओंजळ थोडा वेळ तशीच धरून ठेवायची, अजून थोडं मिळेल म्हणून. ती ओंजळ त्या विसरल्या नव्हत्या आणि विसरायची त्यांची इच्छाही नव्हती.

आडनाव ऐकून गोपिकाबाई क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "बसा ना ताई. उभ्या काहून?" खुर्ची आली. मागोमाग ट्रेमध्ये, फुलाफुलांच्या काचेच्या ग्लासातून पाणी आलं. नमुना घ्यायच्या दिवशी तर थाटच होता. डब्यात शिरा, पातोडीचा रस्सा, चार पोळ्या, वरणभातावर तूप, कैरीचं लोणचं. पाण्याची बाटली गोपिकाबाईंनी आत नेऊन भरून आणली. फॉर्मवर "पिण्याचे पाणी कोणते?" असा प्रश्न होता. "बोरिंगचंच, दुसरं कोणतं," त्यांनी सांगितलं आणि सिंधूताईंनी लिहून घेतलं. शेजारच्या घरी तसंच. त्याच्या पुढच्या घरीही तसंच. कोहळ्यांनी खुर्ची दिली म्हटल्यावर गावात ती रीतच पडून गेली.

सिंधूताई लाल पुठ्ठ्याच्या एका वहीत नंबरासमोर डब्यात काय काय होतं ते लिहून ठेवायच्या. संस्थेने असं काही सांगितलेलं नव्हतं. ती वही त्यांची स्वतःची होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते लिहायला फार गोड वाटायचं. आईला एकदा वाचून दाखवावं, असं त्यांच्या मनात यायचं. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

दीड महिन्याने मॅडमनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाल्या, "सिंधूताई, बसा." एरवी मॅडम त्यांना बसा म्हणत नसत, कारण सिंधूताई आपल्या आपण बसायच्या.

"बोरझरीच्या बोरिंगच्या पाण्यात लिटरमागे चार मिलिग्रॅम फ्लोराइड आहे," मॅडम म्हणाल्या. "दीडच्या वर गेलं तरी वाईट. तिथल्या बायकांच्या लघवीतही भरपूर निघालं. इथपर्यंत ठीक आहे. पण त्यांनी जे प्यायलं, जे खाल्लं, त्यात जवळजवळ काहीच नाही. अगदी नदीकाठच्या गावासारखं."

"असं कसं होईल?"

"तेच म्हणते मी. बाहेर पडतंय, पण आत जातच नाही." मॅडमनी पेन उघडलं, बंद केलं. "ताई, दोन गावांचे डबे आणि बाटल्या... लेबलं लावताना कुठे अदलाबदल झाली असेल का? चुकून?"

सिंधूताई टेबलावरच्या बाटलीचं लेबल अंगठ्याने दाबून पाहत राहिल्या.

"तीन आठवड्यांनी समिती बसणार आहे. ते लोक एका ओळीत लिहून मोकळे होतील, नमुने गोळा करण्यात गोंधळ. मग प्रोजेक्ट बंद. आणि तो शेरा..." मॅडमनी वाक्य पुरं केलं नाही. तो शेरा कुणाच्या नावावर पडणार हे दोघींनाही ठाऊक होतं. असा शेरा घेतलेल्या तात्पुरत्या बाईला पुढच्या एप्रिलात कोण घेणार? पण सिंधूताईंना एप्रिलची फिकीर नव्हती. एकोणतीस वर्षांत त्यांनी जमवलेली एकच वस्तू होती आणि ती आज कुणीतरी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहत होतं. तेही इतक्या हळुवारपणे, की भांडताही येईना.

"मॅडम, लेबल माहं हाय," एवढंच म्हणून त्या बाहेर आल्या, आणि बेसिनपाशी जाऊन धुतलेल्याच बाटल्या पुन्हा धुवायला लागल्या.

प्रयोगशाळेत तपासणीचं यंत्र चालवणारी मिनल त्यांच्यामागे चहा घेऊन आली. पोरगी सव्वीस वर्षांची, जीभ सैल आणि मन साफ. "ताई, एक सांगू? मी प्रत्येक डबा मिक्सरमधून काढायच्या आधी त्याचा नंबरासकट फोटो काढते. तुमच्याकडे काही लिहिलेलं आहे का?"

सिंधूताईंनी ओले हात पदराला पुसले आणि पिशवीतून लाल वही काढली. मग एक एक नंबर घेऊन दोघी बसल्या. सतरा नंबर, शिरा, पातोडी. फोटोत शिरा, पातोडी. अठरा नंबर, पुऱ्या, बटाट्याची भाजी. फोटोत तेच. चाळीसच्या चाळीस जुळले. नदीकाठच्या गावाचेही जुळले.

"अहो ताई!" मिनल टाळी वाजवून उठलीच. "लेबलं बरोबर आहेत सगळी! माझंच मशीन बिघडलं असणार. चला, मॅडमना दाखवू."

सिंधूताईंचा जीव भांड्यात पडला. वही छातीशी धरून त्या उठल्यादेखील.

"पण काही म्हणा," दाराशी जाता जाता मिनल म्हणाली, "बोरझरीच्या बायका खातात मात्र मस्त हं. रोज शिरा, पुरी, पातोडी. मी डबे उघडायची तर मलाच भूक लागायची."

सिंधूताई जागच्या जागी थांबल्या. त्यांनी वही पुन्हा उघडली. शिरा, शिरा, पुरी, शिरा, बासुंदी. ना पोळा, ना दिवाळी, ना घरात लग्न. चाळीस घरांत कुणाच्याही ताटात शिळी भाकर नव्हती. कुठेही नुसती चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकरी, नव्हती, कुठेही मिरचीचा ठेचा नव्हता. आयुष्यभर बायकांच्या चुलीपाशी बसलेल्या बाईला हे दिसू नये?

त्यांना स्वतःच्या घरची गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी गार्गी मॅडम इंदोऱ्याला त्यांच्या घरी आल्या होत्या. तेव्हा सिंधूताईंनी पोरीला दुकानात पळवून पाण्याची सीलबंद बाटली आणवली होती. नळाचं पाणी चांगलं होतं, रोज सगळे तेच पीत होते. पण पाहुण्याला ते कसं द्यायचं? बोरझरीच्या बायकांनी तरी दुसरं काय केलं होतं? फॉर्मवर विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःचं पाणी खरंखरं सांगितलं. पण बाटली होती पाहुणीची. मग तिच्यात पाहुणीचंच पाणी भरलं.

आता गंमत पाहा. लेबलं बरोबर आहेत हे सिद्ध झालं होतं. वही आणि फोटो मॅडमपुढे ठेवले असते तर सिंधूताई सुटल्या असत्या. मशीनची दुरुस्ती झाली असती, दुरुस्तीत काही सापडलं नसतं आणि बिचारी मिनल महिनाभर यंत्राशी झटत बसली असती. हे सगळं सिंधूताईंना दाराशी उभ्या उभ्याच दिसलं. थोडा वेळ त्यांनी तसं होऊ द्यायचा विचारही केला. का करू नये? एकोणतीस वर्षांनी माणसाला एवढा विचार करायचा हक्क आहे.

मग त्या केबिनमध्ये गेल्या आणि या वेळी न सांगता बसल्या.

"मॅडम, लेबलं बरोबर हायेत. मिनलचं मशीनही बरोबर हाय. चूक माही हाय." त्यांनी वही टेबलावर ठेवली. "हे त्या बायकाईचं रोजचं जेवण नाही. हे पाहुणीचं हाय. पाणीही पाहुणीचंच असंन, कुठून तरी आणलेलं, अन् सैपाकही त्याच पाण्यात केलेला. मी गेली म्हणून थे डबे भरले."

मॅडम वही चाळत राहिल्या. "पण तुमच्या हे तेव्हाच लक्षात आलं नाही?"

"याले पाह्यजे होतं." सिंधूताई म्हणाल्या. "मले मान भेटून राहिला होता, मॅडम. तसल्या घरात, खुर्चीवर. माह्या मायले जिथं ओंजळीनं पाणी भेटलं, तिथं मले ट्रेमंधी ग्लास येऊन राहिला होता. मी थो पाहत बसली. डबा पाह्यलाच नाही."

मॅडमनी वही मिटली आणि विचारलं, "समितीच्या आधी किती घरं पुन्हा होतील?"

"बारा तं करतेच."

"पहिल्या फेरीचे नमुने रद्द करावे लागतील. कारण लिहावं लागेल. तुमचं नाव नाही घालणार मी."

"घाला. लेबल माहं, तं चूक कुणाची?"

दुसऱ्या खेपेला त्या सकाळी सातलाच बोरझरीत उतरल्या. पहिलं घर गोपिकाबाईंचंच घेतलं. सगळ्यात अवघड ते आधी, हा त्यांचा नेम होता. काय हवं ते सांगितल्यावर रुपरावांचा चेहराच उतरला. "काहून ताई, मांगच्या खेपेस काही कमी पडलं का?"

"जास्त पडलं, भाऊ."

गोपिकाबाई तर रागावल्याच. "म्हणजे मी तुमाले शियी भाकर बांधून देऊ? अन् थे तुमी नागपूरले नेऊन मोठ्या मोठ्या लोकाईले दाखवणार? कोहळ्याच्या घरी हे खातेत म्हणून? मले नाही जमत बाप्पा. मी तोंड कुठी दाखवू?"

खुर्ची आलीच होती. सिंधूताई तिच्यावर बसल्या नाहीत. त्या उंबरा ओलांडून सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि चुलीजवळ जमिनीवर फतकल मारून बसल्या. न बोलावता त्या अशा घरात इतक्या आत कधी गेल्या नव्हत्या. गोपिकाबाई दाराशी उभ्या राहून पाहत राहिल्या. सिंधूताईंनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला आणि उघडून समोर ठेवला. कालची पोळी, कालचंच वांगं, वर तेल गोठलेलं.

"हे माहं," त्या म्हणाल्या. "शियंच हाय. सकायी पाचची बस धरायची तं कोण ताजं करते? मी दाखवलं. आता तुमी दाखवा."

गोपिकाबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग सिंधूताईंकडे, आणि पदर तोंडाला लावून त्या हसायलाच लागल्या. "वांग्यात मीठ तं टाकलं का वं? कसं दिसते थे!"

तिथून दिवस सरळ चालला. सिंधूताई अंबाडी निवडत बसल्या आणि गोपिकाबाईंच्या हातातून तोंडात जाईल ते सगळं मोजत राहिल्या. सकाळी कोरा चहा, नऊला पुन्हा कोरा चहा, रुपराव शेतातून आल्यावर पुन्हा. चहाच्या पत्तीतही फ्लोराइड असतं, हे सिंधूताईंनी मॅडमकडून ऐकलेलं होतं. कोपऱ्यात पाण्याची निळी कॅन होती, पलीकडच्या गावातल्या फिल्टरची. रुपराव ती मोटरसायकलवरून आणायचे. त्यांना मुतखड्याचा त्रास, म्हणून डॉक्टरने सांगितलेलं. कॅनमधलं पाणी रुपरावांना, नातवंडांच्या शाळेच्या बाटल्यांना आणि पाहुण्यांना. बाजूच्या पितळी गुंडात, म्हणजे हंड्यात, बोरिंगचं पाणी. ते गोपिकाबाईंना आणि सासूला.

"तुमी काहून नाही पीत कॅनचं?"

"मले काय झालं?" गोपिकाबाई म्हणाल्या, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून कण्हल्या.

रुपराव जेवले. सासू जेवली. शाळेतून आलेली नातवंडं जेवली आणि धाकट्याने मागून आणखी भाजी घेतली. मग गोपिकाबाई बसल्या. टोपलीत अर्धी भाकर होती. भाजीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तळाशी लागलेलं होतं, त्यात त्यांनी थोडं पाणी घालून हलवलं. वर मिरचीचा ठेचा. आणि पहिला घास घ्यायच्या आधीच एकामागून एक चार ग्लास पाणी, गुंडातलं.

"आता डब्यात तेवढीच टाकायची नं?" गोपिकाबाईंनी विचारलं आणि टोपलीत हात घातला. टोपली रिकामी होती.

जुळं ताट करायला दुसरी अर्धी भाकर हवी होती आणि घरात ती नव्हती. घरात ज्वारी होती, पोती होती, कुणी उपाशी मारत नव्हतं. नुसती सवय होती. सगळ्यांचं झालं की जे उरेल ते आपलं, आणि आज अर्धीच उरली होती, एवढंच. गोपिकाबाई चटकन ताट सरकवत म्हणाल्या, "हेच घेऊन जा ना. मी सायंकाळी जेवन. पाण्यानं पोट भरलं माहं."

सिंधूताईंना एकदम रडू आलं. नमुने घेताना त्या कधी रडल्या नव्हत्या. चाळीस वर्षं त्या स्वतःही शेवटीच जेवत आल्या होत्या. पण दुसऱ्याच्या ताटात ते असं मोजून पाहिलं नव्हतं.

"तवा ठेवा," त्या डोळे पुसून म्हणाल्या. "एक भाकर टाका."

भाकर झाली. अर्धी डब्यात गेली, कारण नियम म्हणजे नियम. उरलेली अर्धी कुणी खायची यावरून दोघींचं चांगलंच भांडण झालं आणि शेवटी तिचेही दोन तुकडे झाले. सिंधूताईंनी लाल वहीत सगळं लिहिलं. सतरा नंबर, अर्धी भाकर, गंजातली भाजी, ठेचा. खाली लिहिलं, उरलेली भाकर दोघींनी गरम खाल्ली, ती हिशेबात नाही.

नागपूरला मिनलने डबा काट्यावर ठेवला. मागच्या खेपेचा सतरा नंबरचा डबा पावणेदोन किलोचा होता. या वेळी दिवसभराचं मिळून साडेचारशे ग्रॅम भरलं. पाण्याच्या बाटल्या मात्र चार लिटरच्या. बाकीच्या अकरा घरांतही थोड्याफार फरकाने तेच निघालं. आत जाणारं आणि बाहेर पडणारं फ्लोराइड आता जुळत होतं. आणि मॅडम ज्या प्रश्नामागे लागल्या होत्या, त्याचं निदान अर्धं उत्तर त्या काट्यावर होतं. कमी जेवायचं आणि भूक पाण्याने, चहाने मारायची. पोटात दूध नाही, भाजी नाही. तशा हाडात ते विष लवकर बसतं.

समितीपुढे मॅडमनी काही झाकून ठेवलं नाही. अहवालात स्वच्छ लिहिलं, की पहिल्या फेरीत घरांनी पाहुण्यांसाठीचे अन्न व पाणी दिले, ही बाब क्षेत्र सहाय्यक सिंधू रामटेके यांनी निदर्शनास आणली. समितीतल्या एका वयस्कर सदस्याने विचारलं, ही बाई कोण? तेव्हा मॅडम म्हणाल्या, "आमच्याकडे लेबलं लावतात." प्रोजेक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढला. पद्धतीत एक नवा नियमही आला. नमुना घेणारीने त्या घरात आधी एक दिवस राहायचं, आणि खुर्चीवर बसायचं नाही.

तीन महिन्यांनी सिंधूताई निकालाचा कागद घेऊन बोरझरीला गेल्या. ओसरीवर रुपराव होते. कागद त्यांनी दोनदा वाचला, बायकोचा आकडा बोटाने दाबून धरला आणि बराच वेळ बोट उचललं नाही. ते अपराधी दिसले म्हणून सिंधूताईंना त्यांची दया आली.

"आता दोन कॅन आणतो, ताई," ते म्हणाले. "मागच्या हप्त्यात तुमच्या मॅडम फोनवर बोलल्या, तवापासूनच आणून राहिलो. गुंडही त्याच पाण्यानं भरतो. घरात एकच पाणी ठेवलं."

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. "कोण हाय जी?" गोपिकाबाईंनी विचारलं.

"सिंधूताई आल्या."

"मंग बाहेर काहून बसवून ठेवलं तिले?"

सिंधूताई आत गेल्या. गोपिकाबाईंनी मान वर करून पाहिलं, हसल्या आणि पुन्हा परातीत वाकल्या. उन्हातून चालत आल्यामुळे सिंधूताईंचा घसा कोरडा पडला होता. सवयीने त्या भिंतीला टेकून ट्रेची वाट पाहत उभ्या राहिल्या. ट्रे काही आला नाही.

"पाणी हाय का वं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्या गुंडात हाय ना," गोपिकाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "घे आपल्या हातानं. माहे हात पिठाचे हायेत."

सिंधूताई गुंडापाशी गेल्या. वर पालथी घातलेली लोटी होती. ती उचलून त्यांनी गुंडात बुडवली, हात मनगटापर्यंत पाण्यात गेला, आणि त्यांनी तो थोडा वेळ तसाच ठेवला. मग लोटीभर पाणी त्या प्यायल्या. तहान भागली होती, तरी त्यांनी आणखी एक लोटी काढली.

"किती पाणी पितं वं," गोपिकाबाई म्हणाल्या, "जेवाचं हाय नं अजून."